चौदाशे दोन

अर्ज शुक्रवारी पाचच्या आत जायला हवा.
राज्याकडे पैसे आहेत, पण थोडे,
आणि मागणारी गावं एकशे अकरा.
आमचं त्यातलं एक. शहर म्हणायचं,
कारण वेशीवरच्या पाटीवर तसं लिहिलंय.
मिनेसोटाच्या या टोकाला सोयाबीनचं उंच कोठार,
टर्की कापायचा कारखाना, मधोमध हमरस्ता
आणि रस्त्याच्या पलीकडे शाळा.

मंगळवारी मी मोजायचं चाक घेऊन निघाले.
दर फुटाला ते टिक म्हणतं.
ट्रेलर पार्कच्या टपालपेट्यांपाशी एह पॉ भेटली,
दुसरीतली, एक हातमोजा असलेली.
"मी ढकलू?" म्हणाली, आणि उत्तराआधीच ढकलू लागली.

इथे कुत्रा, इथे पळायचं.
इथे पळायचं नाही, इथे ट्रक वळतो.
त्याला आपण दिसत नाही,
पण आपल्याला त्याची चाकं मोजता येतात. अठरा.

इथे पदपथ आहे का? असं अर्ज विचारतो.
मी तिला विचारलं.
"आहे की. बर्फ पडला की दिसतो."

मग माझ्या ध्यानात आलं:
बर्फ लोटणारी गाडी कडेला ढीग रचते,
पोरं त्या ढिगावरून एकामागे एक जातात
आणि बुटांनी दाबून दाबून तयार होते एक पांढरी वाट,
माणसाच्या कमरेइतकी उंच,
ट्रकच्या आरशांना जवळजवळ लागून.
एप्रिलात ती चरात वाहून जाते.
मी चौकटीत खूण केली: नाही.

प्रश्न सातवा.
गेल्या पाच वर्षांत या रस्त्यावर मृत्यू किती?
प्रत्येकी वीस गुण. जखमींना दहा.
मी लिहिलं, शून्य.
आणि शून्य लिहिताना हात ओशाळला.

आंद्रेस पास्कुआलचा डबा चाकाखाली गेला,
आंद्रेस नाही. त्याचे किती?
थांबा-पाटी घेऊन उभ्या राहणाऱ्या
एकाहत्तर वर्षांच्या आर्डिस टोलेफ्सरुडबाई
दोनदा चरात उडी मारून वाचल्या,
दुसऱ्यांदा तर चष्मा शोधायला
परत रस्त्यावर गेल्या. त्यांचे?
पहाटपाळी सुटली की झोप टाळून
पोराला खांद्यावर घेऊन जाणारे बाप,
पोर आठ वर्षांचं असलं तरी,
कुठल्या रकान्यात घालू?
थोडक्यात वाचलेल्यांचं कुणी टिपण ठेवत नाही.

आमचे साहेब, ड्वेन, पाठीमागून वाचत होते.
"एखादं गेलं असतं तर
केव्हाच मिळाले असते पैसे," म्हणाले.
मग बराच वेळ स्टेपलर उघडून
आत पिना आहेत का ते बघत राहिले.

शुक्रवार, चार चाळीस.
सोबत जोडायचं छायाचित्र: ढिगावरची रांग,
टोप्या, दप्तरं, सगळ्यात मागे वळून बघणारी एह पॉ.
संगणक म्हणाला, फार मोठं आहे.
मी लहान केलं. तरी मोठं.
आणखी लहान केलं. चेहरे गेले, मग टोप्या,
मग मुलं म्हणजे बर्फावर सांडलेले मिरे.
तेवढी लहान झाली
तेव्हा अर्जाने ती घेतली.

पोच आली. आभारी आहोत. निकाल जूनमध्ये.
जूनमध्ये शाळेला सुट्टी असते,
ते जाऊ दे.

चाक अजून माझ्या गाडीत मागच्या सीटवर आहे.
आकडा मी पुसलेला नाही: चौदाशे दोन.
अर्जात मी चौदाशे लिहिलं.
शाळेचं दार आलं तेव्हा मी म्हटलं होतं, बस, झालं,
पण एह पॉ थांबली नाही,
तिने चाक उंबऱ्यावरून आत घेतलं,
पायपुसण्यापर्यंत नेलं,
आधी चाकाची माती झटकली, मग बुटांची.

ते दोन फूट धोक्याचे नव्हते,
म्हणून धरले नाहीत.